सासूबाई मोजायच्या नसतात

परवा इथे कॅनडात सेन्ससचं, म्हणजे जनगणनेचं, पत्र आलं. 12 मे 2026 ला तुमच्या घरात कोण कोण राहतं ते सांगा, कोड टाका, ऑनलाइन भरा, सक्तीचं आहे वगैरे. पोरं झोपल्यावर चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसले, म्हणलं दहा मिनिटांत उरकू, आणि पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. घरात माणसं किती?

मी आपलं पाच टाकलं. मी, नवरा, दोन पोरं, सासूबाई. मग सहज खाली कोणाला मोजायचं, कोणाला नाही ते वाचलं. स्टडी परमिटवाले मोजा, वर्क परमिटवाले मोजा, आश्रय मागितलेले मोजा, तान्हं बाळ मोजा. दुसऱ्या देशातून पाहुणे म्हणून आलेले मोजू नका.

आता आमच्या सासूबाई सुपर व्हिसावर आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये आल्या. 2022 पासून नियम असा आहे की सुपर व्हिसावर आईवडील एका दमात पाच वर्षं राहू शकतात, पण कायद्यात ते पाहुणेच. म्हणजे अडीच वर्षं या घरात ज्यांच्या हातचं आम्ही रोज जेवतोय, धाकट्याला बसस्टॉपवर ज्या सोडतात, थर्मोस्टॅटवरून नवऱ्याशी ज्या रोज भांडतात, त्या पाहुण्या. मोजायच्या नाहीत. मी पाचाचे चार केले आणि खरं सांगते, चोरी केल्यासारखं वाटलं.

त्यात गंमत म्हणजे व्हिसा काढताना इमिग्रेशनला आमचं कुटुंब पाच जणांचंच दिसत होतं. बोलावणाऱ्याचं उत्पन्न पुरेसं आहे का ते बघायचं एक टेबल असतं, घरात माणसं जितकी जास्त तितकी रक्कम वरची, आणि त्या टेबलात येणारी आई धरायची असते. शिवाय लाख डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स. पैसे बघायची वेळ आली की सासूबाई कुटुंबात, डोकी मोजायची वेळ आली की पाहुण्या. बरंय.

मी तणतणत वर गेले तर सासूबाई जाग्याच. त्यांना सांगितलं, अहो आई, तुम्हाला धरायचं नाही म्हणतायत. त्या म्हणाल्या, "मग इचलकरंजीत धरतील की." आणि कुशीवर वळून झोपल्या.

इचलकरंजीतही अवघडच आहे. तिकडे यंदा एप्रिल ते सप्टेंबर घरांची यादी करायचं काम, आणि माणसांची मोजणी 1 मार्च 2027 ही तारीख धरून. 2011 नंतर आत्ता होतेय, 2021 ची राहिलीच. आमच्या वरच्या मजल्याला कुलूप आहे, त्यामुळे यादीत काय लागणार तर कुलूपबंद घर. खाली दीर राहतात पण त्यांची चूल वेगळी, ते आईला आपल्यात कशाला धरतील.

या चुलीवरून 2011 चा एक प्रसंग आठवला. तेव्हा मी नवीन सून होते. मोजणीला एक शाळेतले गुरुजी आले होते, अंगणात खुर्चीवर बसून, मांडीवर तो लांबलचक कागद. भारतात कुटुंब म्हणजे काय, तर एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. मग रक्ताचं नातं असो नसो. त्यामुळे गुरुजींनी सरळ विचारलं, चूल एक की दोन? सासूबाई गप्प. जाऊबाई गप्प. सामानाचं वाटप होऊन दोन वर्षं झाली होती पण घरात कोणी तो शब्द तोंडातून काढला नव्हता. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सिलिंडर दोन आहेत, पण ताक एकाच घरचं आहे." गुरुजींनी दोन कुटुंबं लिहिली आणि चहा घेऊन गेले. त्या दिवशी दुपारी सासूबाई जेवल्या नव्हत्या.

इथे चूल कोणी विचारत नाही, इथे दार विचारतात. राहायची जागा वेगळी आणि तिला स्वतःचं दार असलं की ते वेगळं घर. आमच्या बेसमेंटला साइड एन्ट्रन्स आहे (टोरंटोजवळच्या आमच्या ब्रॅम्प्टनमध्ये घराची जाहिरात बघा, बेडरूम किती याच्या आधी साइड एन्ट्रन्स लिहिलेलं असतं), बेसमेंट रीतसर रजिस्टर केलेलं आहे, म्हणून त्यांना वेगळं पत्र आलं. तिथे तीन पोरं भाड्याने राहतात. दोघं लुधियानाकडचे, एक मेहसाण्याचा. एक अजून शिकतोय, दोघं वर्क परमिटवर. तिघांचंही नाव सेन्ससमध्ये जाणार. फॉर्मवर पहिलं नाव ज्याचं तो पर्सन 1, बाकीचे दोघं रूममेट. मला त्याचा राग नाहीये, पोरं चांगली आहेत, बर्फ पडला की मी सांगायच्या आधी ड्राइव्हवे साफ केलेला असतो. पण वर राहणारी सख्खी सासू नाही आणि खालचे भाडेकरू आहेत, हे पचायला वेळ लागतो एवढंच.

ज्यांना ब्रॅम्प्टन म्हणजे फक्त ट्रक आणि पंजाबी गाणी एवढंच माहितीय त्यांच्यासाठी थोडे आकडे, कारण मी नंतर दोन तास तेच वाचत बसले. टोरंटोच्या पश्चिमेला पील रीजन, त्यात मिसिसागा, ब्रॅम्प्टन आणि कॅलेडन. 2021 च्या मोजणीत सगळे मिळून 14,51,022. त्यात मिसिसागा 7,17,961, ब्रॅम्प्टन 6,56,480, राहिलेलं कॅलेडन. आता मजा बघा, पाच वर्षांत ब्रॅम्प्टन साडेदहा टक्क्यांनी वाढलं, जवळजवळ 63 हजार माणसं, आणि शेजारचं मिसिसागा, जिथे टॉवरवर टॉवर चाललेत, ते चक्क साडेतीन हजारांनी कमी झालं. टॉवरमधल्या एका खोलीच्या फ्लॅटात एक नाहीतर दोन माणसं राहणार, आणि जुन्या घरांतली पोरं मोठी होऊन गेली की मागे दोन म्हातारी. घरं वाढली आणि माणसं घटली. ब्रॅम्प्टनमध्ये एका घरात सरासरी 3.6 माणसं, मिसिसागात 2.9, आणि अख्ख्या कॅनडाची सरासरी 2.4. कॅनडात तर शंभरातली 29 घरं एकट्या माणसाची आहेत. तीन पिढ्या एकत्र राहणारी घरं शंभरात तीनसुद्धा नाहीत.

आणि हो, या पीलच्याही चुली वेगळ्या होणार होत्या. 2023 मध्ये प्रांताने कायदाच केला होता, मिसिसागाला कित्येक वर्षांपासून वाटणी हवी होती, 1 जानेवारी 2025 ला तिघं वेगळे होणार असं ठरलं. मग पाणी कोणाचं, पोलीस कोणाचे, खर्च कोणाचा यावर हिशोब सुरू झाले आणि 2023 च्याच डिसेंबरमध्ये वाटणी रद्द करतोय असं प्रांताने जाहीर केलं. हे सासूबाईंना सांगितलं तर फार आवडलं त्यांना. "कोणी अडवलं गं त्यांना?" म्हणे.

3.6 चा इथे लोक टोमणा म्हणून वापर करतात. एका घरात किती कोंबतात, ड्राइव्हवेत पाच गाड्या, कचऱ्याचे डबे ओसंडलेले. कोविडमध्ये तर विचारू नका. ब्रॅम्प्टनमध्ये केसेस वाढल्या की बोट लगेच मोठ्या कुटुंबांकडे. गोदामात आणि ट्रकवर कामाला जाणारी माणसं याच घरांतून निघत होती आणि घरी बसलेल्यांची पार्सलं पोचवत होती, ते कोणी पटकन म्हणत नव्हतं. तेव्हापासून मला हा विषय निघाला की अंगावर घ्यायची सवय लागलीय. तुमची 2.4 ची सरासरी तुम्हाला लखलाभ. आमच्या शेजारी एक पोर्तुगीज आजी चार बेडरूमच्या घरात एकटी राहते, मुलं कॅल्गरीला, वर्षातून एकदा येतात. तिच्या फॉर्मवर 1. सासूबाई तिला गुरुवारी साबुदाण्याची खिचडी देतात, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, कुंपणावरून पाऊण तास बोलतात.

हे सगळं मी नवऱ्याला तावातावाने ऐकवलं तर तो म्हणाला, आईला आणलं तेव्हा धाकट्याचं डेकेअर वेटिंग लिस्टवर होतं, ते पण सांग की. बरं, सांगते. होतं. दिवसाला दहा डॉलरवाली योजना चांगली आहे पण जागा मिळायला हवी ना, आणि आमच्यासमोर वर्षाची रांग होती. पण फक्त तेवढ्यासाठी आणलं असं नाहीये. सासरे गेल्यावर त्या वरच्या मजल्यावर एकट्या होत्या. दोन्ही कारणं खरी असू शकतात. बेसमेंटचं भाडं मॉर्गेजला जातं हेही खरं, आणि पोरं आम्हाला घरच्यासारखी आहेत हेही.

माझी आई मिरजेत एकटीच आहे, चार खोल्या. कोणी विचारायच्या आधी मीच लिहिते. तिला आणायचं झालं तर त्या उत्पन्नाच्या टेबलात आम्ही सहा होतो, रक्कम आणखी वर जाते, मागच्या वर्षी नवऱ्याची नोकरी मध्येच चार महिने नव्हती, तर जमलं नाही. शिवाय तिला थंडी सोसत नाही. तिला तिचं भजनी मंडळ सोडवत नाही. ती स्वतःच नको म्हणते, मी विचारलंय. दोनदा.

असो. रविवारी सासूबाईंबरोबर पार्कात गेले होते. संध्याकाळी तिथल्या बाकांवर जागा मिळत नाही, पगडीवाले आजोबा पत्ते खेळत असतात, बाजूला सलवार कमीजवाल्या आज्या, त्यात आमच्या एकट्या नऊवारी नाही पण सहावारीवाल्या आणि त्यावर जाकीट. बऱ्याच जणांना पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी आहे, पण सासूबाईंसारखे व्हिसावर आलेलेही काही कमी नाहीत. मी मनातल्या मनात मोजायला लागले, ही धरायची, हा नाही धरायचा, ही कदाचित. शाळा किती हव्यात, बस किती सोडायच्या, हे सगळं याच मोजणीवर ठरतं म्हणतात. मोठीच्या शाळेत निम्मे वर्ग अंगणातल्या पोर्टेबल खोल्यांत भरतात. बाकं कोणाच्या हिशोबाने टाकली असतील?

फॉर्म शेवटी काल पूर्ण केला. मातृभाषेच्या रकान्यात दोन्ही पोरांपुढे मराठी लिहिलं. धाकटा "आजी, आय ॲम नॉट हंग्री" म्हणतो, पण लहानपणी शिकलेली आणि अजून समजणारी असंच विचारलंय, आणि समजतं त्याला, रागावलेलं तर सगळंच समजतं. माणसं चार. सबमिट.

सासूबाई डिसेंबरात पुतणीच्या लग्नाला जाणार आहेत. आता म्हणतायत परतीचं तिकीट मार्चनंतरचं काढ, फेब्रुवारीत मी वरच्या मजल्याचं कुलूप काढून बसते, बघू कोण मोजत नाही. दिरांना फोनवर सांगूनही झालं. चूल कुठली लिहायची ते काय ठरलं मला माहीत नाही, फोन त्यांनी बाल्कनीत जाऊन केला.

कन्फर्मेशन नंबर लिहून ठेवायला फ्रिजवरची वही काढली तर त्याच पानावर त्यांचा हिशोब होता. कणकेची वीस पौंडाची पिशवी, 28 एप्रिलला फोडली, 10 मेला संपली. खाली लिहिलेलं, माणसं 8. मी म्हणलं, आई, आठ कुठून? "तुम्ही चौघं, मी, आणि खालची तिघं. मी काय त्यांना सोडून मळते होय?"