विगनला आलेला कार्डिफचा पोरगा

परवा इथं, उत्तर इंग्लंडमधल्या विगनमध्ये, टेस्कोच्या दुकानात तूरडाळ शोधत होते. शेजारचे आजोबा भेटले. बोलता बोलता फरशीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथंच जिम सुलिव्हन किक मारायचा." विगनचं सेंट्रल पार्क हे रग्बीचं मैदान 1999 मध्ये बंद झालं आणि त्या जागेवर हे दुकान उभं राहिलं. त्या रात्री जेवण झाल्यावर मी जिमबद्दल वाचत बसले.

जन्म वेल्समधल्या कार्डिफचा, 1903 चा. 1921 मध्ये, सतराव्या वर्षी, 750 पौंड घेऊन तो विगनच्या रग्बी लीग क्लबकडे आला. फुलबॅक, म्हणजे तेरा जणांत सगळ्यांत मागे उभा राहणारा, आणि गोलच्या किकही त्याच्याच. 1946 पर्यंत विगनसाठी 774 सामने, 2,317 गोल. 1925 मध्ये फ्लिम्बी अँड फोदरगिल या संघाविरुद्ध एकाच सामन्यात 22! 1929 मध्ये रग्बी लीगच्या चॅलेंज कपची फायनल पहिल्यांदा लंडनच्या वेम्बली मैदानावर झाली, तेव्हा तिथले पहिले गुणही त्याच्याच पायातून आले. कर्णधार तोच होता.

पण माझी झोप उडवली ती एका नियमाने. रग्बीचे दोन वेगळे खेळ, युनियन आणि लीग. युनियन रग्बी ही तेव्हा हौशी लोकांची. लीगमध्ये पैसे मिळत, म्हणून लीग खेळला की युनियनमध्ये जन्मभर बंदी. ज्या कार्डिफ क्लबात जिम वाढला, तिथं तो पुन्हा कधी उतरू शकला नसता. ही फूट 1895 ची. उत्तरेतले खेळाडू खाणीत, गिरणीत राबणारे. सामन्यापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यांनी मागितली, एवढाच गुन्हा. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही, त्यानेच हौस म्हणजे काय ते ठरवायचं का? महायुद्धात लष्करी संघांपुरती हीच बंदी सैल केली. म्हणजे गरज पडली की पैशाचा विटाळ जातो.

आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक दिला, खासबाग मैदान बांधलं. राजाचं दूध-बदाम खाल्लं म्हणून कुठल्या पैलवानाला तालमीची दारं बंद झाली नाहीत. उलट गावाने त्याला खांद्यावर घेतलं. या बाबतीत आपण इंग्रजांपेक्षा शहाणे, हे मी इथं कुणालाही ठासून सांगेन.

मग काका आठवले. मागच्या दिवाळीत फोनवर म्हणाले होते, "पैशासाठी गेलीस, दुसरं काय." हो काका, पैशासाठीच आले. बाबांच्या आजारपणाचं कर्ज त्यातूनच फिटलं. आणि आले तरी रंकाळा माझाच आहे, अंबाबाईही माझीच. सुट्टीला येते तेव्हा पाहुणी म्हणून येत नाही.

जिमने 1936 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचं कर्णधारपद बायकोच्या आजारपणामुळे नाकारलं होतं. अशा माणसाला पैशामागे धावणारा कसं म्हणायचं?

युनियनने पैसे घेऊन खेळायला 1995 मध्ये परवानगी दिली. जिम 1977 मध्येच गेला होता.