अडीचशे वर्षं आपण काय करत होतो?

छापखान्यावर कुठे बोललो की मागच्या रांगेतून एक हात वर येतोच. लग्नाच्या पंगतीतही विचारलंय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरनं, माझं तोंड उघडं असताना. "गोव्यात १५५६ साली छापखाना आला. आपल्याकडे देवनागरी खिळ्यांत, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांत, मराठी छापायला १८०५ उजाडलं. मधली अडीचशे वर्षं आपण काय करत होतो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण त्या 'काय करत होतो'मधल्या सुराबद्दल माझी तक्रार आहे. नापास झालेल्या पोराला बाप विचारतो, तो सूर. शिवाय विचारणाऱ्याकडे उत्तर तयार असतं: आपले लोक आळशी, नाहीतर भटांनी अडवलं. मी नुसती मान डोलवायची.

एके काळी मी डोलवलीही आहे. मिरजेत खिळे जुळवायला लागलो तेव्हा विशी ओलांडलेली नव्हती, आणि शाईतल्या चरबीची गोष्ट मी कुणालाही ऐकवायचो. विटाळ होतो म्हणून छापील पोथी नको, वगैरे. मग कळलं की मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ ला पंचांग छापलं, आणि सोवळ्याची अडचण निघाली तेव्हा तुपातली शाई केली असं सांगतात. म्हणजे आधी छापखाना आला, मग शाईची तक्रार. जे आलंच नव्हतं ते अडवणार कोण?

मग मी दुसऱ्या उत्तराकडे वळलो आणि वीसेक वर्षं त्यावरच काढली: आपली अक्षरं फार. हे खोटं नाही. इंग्रजीला दोन केसी, म्हणजे खिळे ठेवायचे खणांचे ट्रे, पुरायच्या, मराठीला चार मांडून मधे उभं राहावं लागे. जोडाक्षरं, रफार, वर मात्रा, खाली उकार. गोव्यातला छापखाना खरं तर ॲबिसिनियाला (आताच्या इथिओपियाला) निघालेला, वाटेत गोव्यात राहिला. तिथल्या पाद्र्यांना हौस कमी नव्हती. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ ला राशोलला छापलं, दहा हजारांवर मराठी ओव्या, पण सगळ्या रोमन लिपीत. सुरतेच्या भीमजी पारेखनं तर पोथ्या छापायच्या म्हणून ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ ला, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्या साली, हेन्री हिल्स आलाही. त्याला छापता येत होतं, अक्षरं पाडता येत नव्हती. संपलं.

हे सांगितलं की लोक गप्प बसायचे, आणि मला बरं वाटायचं. मग एका मुलीनं विचारलं, "तमिळचं काय?" १५७८ ला कोल्लमला तमिळ अक्षरांत सोळा पानांचं पुस्तक निघालंय. तमिळला जोडाक्षरांचा असा जाच नाही, असं मी म्हणालो. बरोबरच होतं, पण म्हणताना घसा कोरडा पडला.

म्हणून निवृत्तीनंतर ठरवलं, एक तरी खिळा स्वतः पाडून बघायचा. 'किती' हा शब्द निवडला. आमच्या गल्लीच्या टोकाला भांड्यांवर नावं घालणारे एक काका होते. चाळीस वर्षं पितळेवर कोरलेला हात. त्यांना पैसे ठरवून बसवलं. क आणि त दोन आठवड्यांत झाले. वेलांटीला अडीच महिने लागले.

पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. मेणबत्तीच्या काजळीवर धरून कागदावर टेकवायचं, कुठे जाड कुठे बारीक ते बघायचं, पुन्हा कानस. मनासारखं झालं की कांडी लाल करून तेलात बुडवायची म्हणजे कडक होते. ती तांब्याच्या तुकड्यात ठोकली की साचा. त्यात शिसं, कथील, अँटिमनी ओतायचं. दोन वेलांट्या ठोकतानाच गेल्या, टोकं उडाली. तिसरी टिकली. पण ऱ्हस्व वेलांटीचं छत्र पुढच्या क वर जायला हवं ना? म्हणजे ते खिळ्याच्या अंगाबाहेर, अधांतरी. जुळवलं, शाई लावली, दाब दिला. कागद उचलला तर छत्र मोडून पडलेलं आणि नुसती दांडी उठलेली. कागदावर 'ाकती'.

तेव्हा मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते. म्हणालो, "चाळीस वर्षं काय करत होतात हो? एक वेलांटी जमत नाही?"

काकांनी छिन्न्या पुसल्या, फडक्यात गुंडाळल्या. "सलग सांगितलं असतंत तर पानभर कोरून दिलं असतं. तुकडे तुम्हाला हवेत. कुठं तोडायचं ते तुम्हीच ठरवलंत." उरलेले पैसे न घेता गेले. पुढे दुकानात भेटायचे, चहा मागवायचे, वेलांटीचा विषय कधी नाही.

सलग कोरून देणारा मिरजेत आधीही होऊन गेलाय. नाना फडणवीसांनी गीता छापायला ताम्रपट कोरून घ्यायचं मनावर घेतलं होतं. १८०० ला ते गेले, कारागीर इथे मिरजेच्या संस्थानिक पटवर्धनांकडे आला आणि १८०५ ला गीता छापली. हात होता, तांबं होतं, उलटं कोरण्याची सवयही होती. पण पान ते पानच राहिलं, त्याच तांब्यातून दुसरं पुस्तक निघत नाही. त्याच साली बंगालमधल्या सेरामपूरला (आपलं नगरकडचं नव्हे) विल्यम केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत निघालं.

म्हणजे अक्षर तोडायला मन धजत नव्हतं, असं मी हल्ली म्हणतो. म्हणताना हेही जाणवतं की ही पळवाट आहे. केरीकडचे खिळे पाडणारा पंचानन कर्मकार लोहारकामातलाच. १७७८ ला कंपनीतल्या चार्ल्स विल्किन्सबरोबर त्यानं बंगाली अक्षरं पाडली, मग केरीकडे देवनागरी, पुढचं काम जावई मनोहरनं नेलं. तिथं कुणीतरी त्याला वर्षानुवर्षं पगार देत होतं. पुण्यात पैसा कमी नव्हता. आणि मी काकांना किती दिले होते? तीन महिन्यांचे, तेही घासाघीस करून.

परवा पुन्हा एकानं विचारलं. मी खणातून तो कागद काढून दाखवला, सगळं सांगितलं, काकांचंही. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण बंगाल्यांना जमलं ना?"

जमलं, म्हटलं.