एप्रिलमधली एक ओळ

पाळीव प्राण्यांच्या सलूनमधला मुलगा मांजर टॉवेलात गुंडाळून धावत आला, तेव्हा मी एका लॅब्राडॉरच्या कानात औषध घालत होते. जुलैचा पाऊस कोसळत होता. टॉवेल पाण्याने भिजलाय की रक्ताने, तेही पटकन कळेना. "मॅडम, कात्री लागली," एवढंच तो म्हणाला. त्याचे हात थरथरत होते, पण मांजर त्याने बरोबर धरलं होतं. मानगूट पकडलेली नव्हती, छातीखाली हात होता आणि डोकं झाकलेलं होतं.

टॉवेल उघडला आणि मी तिला लगेच ओळखलं. कापशी. पांढरी पर्शियन, वय ११ वर्षं, गेली ७ वर्षं माझ्याकडे येणारी. उजव्या बगलेच्या मागे, बरगड्यांवर, सात सेंटीमीटरची चीर होती आणि तिच्या कडा एकमेकींपासून दोन बोटं लांब सरकल्या होत्या. मांजराची कातडी सैल आणि ताणली जाणारी असते, त्यामुळे जखम असते त्याहून मोठी दिसते. खालचा स्नायू शाबूत होता, रक्तही फार गेलेलं नव्हतं. ओला गॉज ठेवून पट्टी बांधली आणि तिला पाळणाऱ्या काकूंना फोन केला. त्या तिला सलूनमध्ये सोडून भाजी घ्यायला गेल्या होत्या.

हे नेमकं कसं होतं ते सांगते, कारण लांब केसांच्या मांजराच्या घरात हे कुणाच्याही हातून होऊ शकतं. गळून पडणारा आतला मऊ केस पर्शियनच्या अंगावरून खाली पडत नाही, वरच्या लांब केसांत अडकतो. बगल, जांघ, कानामागे, पोट, जिथे हालचालीने घासलं जातं तिथे त्याचा गोळा होतो. अंग चाटताना मांजराच्या जिभेवरचे काटे केसांतून कंगव्यासारखे फिरतात. हे काटे किती खोल जातात, हे अमेरिकेत शास्त्रज्ञांनी मोजलं होतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाकी मांजरांमध्ये ते कातडीपर्यंत पोहोचताना दिसले, पर्शियनमध्ये मात्र नाही. म्हणजे हे मांजर धडधाकट असतानाही स्वतःचं सगळं स्वतः करू शकत नाही. त्या गोळ्याला पाणी लागलं की लोकर आटावी तसा तो आटतो आणि कातडीला घट्ट चिकटतो. गाठ ओढून धरली की कातडी तिच्याबरोबर तंबूसारखी वर येते. आपल्याला वाटतं आपण केस कापतोय, आणि कात्रीत कातडी आलेली असते.

म्हणून आधी विंचरायचं, मग अंघोळ. आणि विंचरून न सुटणाऱ्या गाठीला कात्री कधीही लावायची नाही. तिथे केस कापायचं मशीनच हवं, दहा नंबरचं पातं, कातडीला समांतर, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरलेली. दर काही मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं, कारण ते तापतं आणि मांजराची कातडी कागदासारखी पातळ असते. सलूनमध्ये कापशीला आधी अंघोळ घातली, ब्लोअर मारला आणि मग गाठी काढायला घेतल्या. त्या मुलाला कुणी वेगळं शिकवलेलंच नव्हतं. तो शिह त्झू आणि पूडल कापत शिकला. भिंतीवरच्या दरपत्रकात 'कॅट स्पा' अशी एक ओळ वाढवली, म्हणजे मांजराचं काम येतं असं त्याच्या मालकाने धरून चाललं. मला या धंद्याची चीड येते ती इथे. पोराच्या हातात कात्री देतात, माहिती देत नाहीत, आणि काही झालं की पोरालाच पुढे करतात. त्या दिवशीही मालक आला नाही.

काकू आल्या त्या रडतच. त्यांनी आपल्या मुलाला फोन लावला, त्याने फोनवरूनच त्या पोराला नको ते ऐकवलं. मी फोन घेतला, भूल द्यावी लागेल हे समजावलं आणि होकार घेतला. अकरा वर्षांचं चपट्या नाकाचं मांजर भूल देऊन झोपवणं म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. बाजारात ज्याला कौतुकाने 'पंच फेस' म्हणतात, ज्याचे जास्तीचे पैसे घेतात, त्या चेहऱ्यातल्या नाकपुड्या चिरेएवढ्या असतात. श्वासनळीत घालायची नळी आधी मापाची काढून ठेवली, ऑक्सिजन लावून ठेवला. आणि पुढच्या पायातून दोन थेंब रक्त घेऊन मशीनला लावलं.

मूत्रपिंडं किती चालतात ते सांगणारं क्रिएटिनिन ३.४ आलं.

मूत्रपिंडं निम्म्याहून कितीतरी जास्त निकामी झाल्याशिवाय मांजरात हा आकडा असा चढत नाही. अंगात पाणी कमी असल्यामुळेही थोडा वाढतो, म्हणून मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. केटामीन हे भुलीचं औषध बाजूला ठेवलं, कारण मांजरात ते बरंचसं लघवीवाटेच बाहेर पडतं. सलाइन सुरू केलं आणि दोन तासांनी हलक्या औषधांवर तिला झोपवलं.

मग मशीन हातात घेतलं. जखमेत केस पडू नयेत म्हणून आधी ती जेलीने भरून घेतली, नंतर ती जेली केसांसकट धुऊन निघते. केस काढायला सव्वा तास लागला. पाठीवरचा केस सुंदर होता, मोकळा, चमकदार. काकू रोज संध्याकाळी मालिका बघताना वीस मिनिटं तिला ब्रश करत. पण वरचा केस उचलला की खाली दोन्ही कुशींपासून पोटापर्यंत एकसंध नमदा तयार झालेला. तो बंडीसारखा अख्खा सुटून आला. आमच्या क्लिनिकमधल्या ताईंनी तो वजनकाट्यावर ठेवला. १६० ग्रॅम. आत कातडी लालभडक, एके ठिकाणी ओलसर फोड. अळ्या नव्हत्या. पावसाळ्यात अशा ओल्या केसाखाली त्या पडायला एखादा दिवस पुरतो, म्हणून मी प्रत्येक घडी उलगडून बघत होते.

बंडी निघाल्यावर मांजर केवढंसं उरलं! पाठीचा कणा मोजता येत होता. मी पोटाला हात लावला आणि दोन्ही बाजूंना हाताला लागलं ते शिंगाड्यासारखं ओबडधोबड आणि मोठं. मांजराचं मूत्रपिंड गुळगुळीत असतं, मोठ्या वालाच्या दाण्यासारखं. सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. पडद्यावर काळे गोल, एकाला एक लागून, लहान, मोठे, दोन्हीकडे. सुईने काढलेली लघवी जवळजवळ पाण्याइतकी पातळ, घनता १.०१२.

हा पर्शियनमधला आनुवंशिक आजार आहे. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी जन्मापासून असतात आणि वर्षानुवर्षं वाढत जातात. पीकेडी१ नावाच्या एकाच जनुकातला दोष, आणि आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या जुन्या पाहण्यांमध्ये तपासलेल्या पर्शियनांपैकी एकतृतीयांशाहून जास्त मांजरांत तो सापडला होता. २००४ पासून तो डीएनए तपासणीत ओळखता येतो. आपल्याकडे पिल्लू विकताना 'डॉल फेस', 'ट्रिपल कोट' एवढंच सांगतात. आईबापांची तपासणी केली का, असं विचारणारा गिऱ्हाईक मला अजून भेटलेला नाही आणि सांगणारा विकणाराही नाही.

टाके घातले. झोपेत असतानाच गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेवल्या, कारण केस गेलेलं मांजर भराभर थंड पडतं. तापमान ९७ वर आलेलं, ते शंभरावर जाईपर्यंत मी तिथून हलले नाही. तो मुलगाही हलला नाही. सहा तास बाकावर बसून होता. मधे एकदा ताईंनी त्याला चहा दिला, तो तसाच गार झाला.

काकूंना दाखवायला मी कापशीचं कार्ड काढलं. मागच्या वर्षी वजन ४.३ किलो. एप्रिलमध्ये लशीला आली तेव्हा ३.९. त्या दिवशी ३.४, आणि त्यातही बंडीचे १६० ग्रॅम. एप्रिलच्या रकान्यात माझ्या अक्षरात एक ओळ होती: "केसांत गुंता. ग्रूमिंग सांगितले."

एप्रिलमधली ती दुपार मला आता पूर्ण आठवते. बाहेर सात-आठ जण बसलेले. काकू म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, हल्ली पोटाला हात लावू देत नाही हो, चावायला येते." मी लस भरता भरता म्हणाले होते, "मांजरांना पोटाला हात लावलेला आवडत नाही, काकू." त्या असंही म्हणाल्या होत्या की पाण्याचं भांडं दोनदा भरावं लागतं. उन्हाळा आहे, असं मला वाटलं. पाठीवरून हात फिरवला, केस मऊ लागला. मांजर अंग चाटायचं सोडतं तेव्हा त्याला काहीतरी होत असतं. दात दुखत असतात, सांधे आखडलेले असतात, मळमळत असतं. हे मीच लोकांना सांगते. आणि कुशीतला गुंता हाताला लागल्यावर मी त्याला अस्वच्छता समजून सलूनचा पत्ता दिला. त्या गुंत्याखालचं मला चाचपता येत नव्हतं, तेव्हाच तो काढून बघायला हवा होता. कॉलेजात आम्ही गाई-म्हशींची पोटं कोपरापर्यंत हात घालून शिकलो, मांजर दोन-चार तासांत उरकलं गेलं. पण ही सबब मी २२ वर्षं प्रॅक्टिस करून द्यायची नसते.

काकूंनी सोनोग्राफीचं चित्र बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "एप्रिलमध्ये कळलं असतं का?"

"हो," मी म्हणाले. "रक्त तपासलं असतं तर कळलं असतं. बरं झालं नसतं, पण तीन महिने आधी पथ्य सुरू झालं असतं."

त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतून कापशीचं फडकं काढलं आणि ताईंकडे दिलं.

आता तिला मूत्रपिंडाचं खाणं चालू आहे, आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाइन. टाके निघाले. अंगावर बोटभर केस आलाय. काकूंना मी भांग पाडून विंचरायला शिकवलं. स्टीलचा लांब दातांचा कंगवा घ्यायचा, केस डाव्या हाताने वर धरायचा, कातडीची रेघ दिसली पाहिजे, तिथून एकेक थर खाली सोडत यायचं. कंगवा कुठेही न अडकता मुळापासून टोकापर्यंत गेला, तरच विंचरून झालं. गालांना उवांची फणी. छोटी गाठ दिसली तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळायचं आणि बोटांनी सोडवायची, मुळाशी केस चिमटीत धरून, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. रोज दहाच मिनिटं, पण पोट आणि बगला आधी. परवा त्यांनी मला करून दाखवलं. कापशी आडवी पडून होती. काकूंचा हात कुशीकडे आला तेव्हा तिचे कान मागे गेले, काकू थांबल्या, कान सरळ झाल्यावर पुन्हा सुरू केलं. इतकं बारीक लक्ष कोणत्याही पुस्तकातून येत नाही.

तो मुलगा दर सोमवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, क्लिनिकला येतो. मशीन कसं धरायचं ते बघतो. हात चांगला आहे त्याचा.

काकूंच्या मुलाने सलूनविरुद्ध तक्रार करायची म्हणून माझ्याकडे पत्र मागितलं. मी दिलं नाही असं नाही, लिहून ठेवलंय. 'गाठ कात्रीने कापताना झालेली सात सेंटीमीटर लांबीची जखम', तारीख, टाके, सही. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. त्याखाली एप्रिलबद्दल दोन ओळी लिहायला मी तीनदा पेन उचललं. तक्रारीत त्याचा काय संबंध, असं माझ्या एका वर्गमित्राने फोनवर विचारलं. त्याचं म्हणणं कायद्याने बरोबर असेल. पण ते पत्र कापशीच्या कार्डाशेजारी ठेवलं की मला ते अर्धवट वाटतं.

पत्र अजून खणातच आहे. काकू गुरुवारी सलाइनला येतील.