टाइनमला निघण्याआधी तारीख बघा

पहिल्या खेपेला आम्ही टाइनमला पोचलोच नाही. मंगळवार होता. लुलवर्थ गावाच्या पुढे रस्त्यात आडवं फाटक, टेकडीवर लाल बावटा आणि पलीकडून धडाम्‌धुडूम. चूक माझीच. इंग्लंडच्या डॉर्सेटमधलं हे ओसाड गाव आजही ब्रिटिश सैन्याच्या गोळीबाराच्या हद्दीत येतं. बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या काही दिवसांतच ते लोकांसाठी उघडतं. या हद्दीला लुलवर्थ रेंज म्हणतात; ती उघडायच्या तारखा सरकारी संकेतस्थळावर मिळतात, त्या बघूनच निघा.

दुसऱ्या खेपेला रविवार धरला आणि आई-बाबांनाही घेतलं. गावात उतरण्याआधी डोंगरधारेवर गाडी थांबवा, तिथून सगळा भूगोल उलगडतो. पायाखाली पांढऱ्या खडूच्या दगडाची लांबच लांब धार, समोर समुद्राकाठी चुनखडीची दुसरी, आणि मधे मऊ चिकणमातीची दरी. वॉरबॅरो या गावाजवळच्या किनाऱ्यापाशी समुद्राने चुनखडीची भिंत फोडली आणि आतली माती भराभर खाल्ली, म्हणून तिथला किनारा वाटीसारखा गोल. अशा आडोशाच्या दरीत गाव निवांत राहिलं, पण तोफा डागायलाही अशीच जागा सोयीची. लुलवर्थला रणगाड्यांचा सराव पहिल्या महायुद्धापासूनच चालू होता.

दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४३मध्ये, सैन्याकडून घराघरात पत्रं आली: महिन्याभरात गाव सोडा. नाताळाच्या तोंडावर सव्वादोनशेच्या आसपास माणसं बाहेर पडली. जमीन बाँड घराण्याची, बहुतेक गावकरी भाडेकरू. त्यामुळे भांडायला हातात कागदच नव्हता. चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली गेली: घरं सांभाळून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ. १९४८मध्ये सैन्याने जमीन सक्तीने विकत घेतली आणि गावकरी राहायला कधीच परतले नाहीत.

चर्चमध्ये ही हकिगत मांडून ठेवली आहे. बाबा त्या चिठ्ठीच्या मजकुरापुढून हलेनात. त्यांचं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. “आमच्याकडं परत येऊ असं कुणी म्हणालंच नव्हतं,” एवढंच बोलले.

घरांच्या नुसत्या भिंती आणि चुली उरल्यात. पोस्टाच्या घरासमोर पांढरा टेलिफोन बूथ आहे, फोटोला सगळे तिथेच थांबतात. माझं मत विचाराल तर शाळेत जास्त वेळ काढा. कोट अडकवायच्या खुंट्यांवर अजून मुलांची नावं आहेत. मात्र ही शाळा सैन्याने बंद केलेली नाही. मुलं उरली नाहीत म्हणून ती १९३२मध्येच मिटली होती. गाव युद्धाआधीच ओसरायला लागलं होतं, हे हळहळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

चर्च आणि शाळा दुपारी चारच्या सुमारास बंद होतात, म्हणून ती आधी बघून घ्या आणि मग वॉरबॅरोला चालत जा. अंतर मैलभर, वाट सोपी. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. चपला नकोत, बूट घाला. दम असेल तर वरच्या फ्लॉवर्स बॅरो या लोहयुगीन गढीपर्यंत चढा. तिचा दक्षिणेकडचा भाग कड्यासकट समुद्रात गेलाय.

गावात दुकान नाही, चहा नाही, फोनच्या रेंजच्या भरवशावर राहू नका. शौचालय आहे. पार्किंगच्या पेटीत टाकायला सुटे पाउंड ठेवा. रेल्वेने येणार असाल तर वूल किंवा वेअरहॅमला उतरा आणि टॅक्सी तिथूनच ठरवा, परतीचीही. आम्ही घरून धपाटे आणि दाण्याची चटणी नेली होती, तीच उपयोगी पडली.

आणि पिवळ्या खांबांच्या आतच चाला. बाकीच्या रानात न फुटलेले गोळे असू शकतात. वाटेच्या कडेला एक गंजका तुकडा दिसला आणि बाबा उचलायला वाकले, तेव्हा आई मागून ओरडली, “अहो, मेलं ते ठेवा खाली! पाटी वाचा आधी.”