मागायला शब्द नसतात तेव्हा

"प्रभू, आज मागायलाही शब्द नाहीत. पण तू ऐकतोस, एवढं ठाऊक आहे."

प्रार्थनासभेत एक मावशी एवढंच बोलल्या आणि बसल्या. मुलगा अतिदक्षता विभागात आहे. बायबलच्या पानांत त्यांचं बोट तसंच अडकवलेलं होतं, पण वाचलं काहीच नाही.

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. विश्वास म्हणजे खणखणीत आवाज आणि हसरा चेहरा, असं आपण उगाच धरून चालतो. बायबलमधलं ८८ वं स्तोत्र उघडून पाहा. सुरुवातीलाच देवाला आपला तारणारा म्हणून हाक मारलीय, आणि शेवट होतो तो अंधारावर. मध्ये कुठेही उजाडत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी गाळलं नाही. मला याचा फार आधार वाटतो.

येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्राच्या (बायबलमधलं 'रोमकरांस पत्र') ८ व्या अध्यायात लिहिलंय, की काय मागावं हेच आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो.

मग मावशींची प्रार्थना अपुरी कशी म्हणायची?

आज रात्री त्यांच्या लेकासाठी तुम्हीही प्रार्थना कराल ना?