वास्तू तथास्तु म्हणते

"मेलो, मेलो, मेलो!" आतल्या खोलीत व्हिडिओ गेम खेळता खेळता भाचा ओरडला की देवघरातून सासूबाई जप थांबवून म्हणतात, "अभद्र बोलू नये रे, वास्तू तथास्तु म्हणते." इंजिनिअरिंगसाठी तो आमच्या पंचवटीतल्या घरी राहायला आल्यापासून हे दिवसातून चारदा तरी होतं.

मला त्या 'मेलो'ची गंमत वाटते. कादंबरीत 'तो' मरतो. सिनेमातही 'तो'च. थिएटरात "अरे, मागे बघ!" म्हणून कितीही ओरडा, वळेल तर शपथ. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांनी 1913 साली हरिश्चंद्राला पडद्यावर आणलं, तेव्हा राज्य देऊ नको म्हणून त्याला तरी कोण अडवणार होतं? गेममध्ये मात्र क्रियापद प्रथमपुरुषी होतं.

परवा भाच्याने मला 'रेड डेड रिडेम्प्शन 2' खेळायला बसवलं. 1899 ची अमेरिका, घोड्यांवरचे दरोडेखोर. मी दरोडा बाजूला ठेवून तासभर घोड्याला खरारा केला, गाजरं चारली. (टोळी बिचारी खोळंबून राहते. असल्या कथानकाला घाई कसली!) मग उतारावर भलतंच बटण दाबलं आणि घोडा कड्यावरून खाली. वेळेत औषध दिलं तर उठतो म्हणे. पिशवीत औषधच नव्हतं.

सावानाची, म्हणजे 1840 पासूनच्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, पुस्तकं वाचत मी वाढले. कितीतरी मरणांवर रडले, पण 'हे माझ्यामुळे झालं' असं एकाही पानावर वाटलं नव्हतं. आता पोटात खड्डा पडला. त्या दरोडेखोराला काय वाटलं ते मात्र कळलं नाही. तो नुसता उभा. पुस्तकाने त्याचं मन अर्ध्या पानात उघडून दाखवलं असतं. शिवाय पुस्तक अडवत नाही, कंटाळा आला तर चार पानं उलटा. गेम म्हणजे गणिताचे मास्तर, उदाहरण सुटल्याशिवाय पुढचं पान नाही.

"मावशी, मागचा सेव्ह आहे की!" भाच्याने दोन बटणं दाबली. घोडा परत उभा, शेपटी हलवत. मला हायसं वाटायला हवं होतं, पण त्याच्याकडे बघवेना. कंट्रोलर भाच्याच्या हातात देऊन बाहेर आले.

"आता काय झालं गं?" सासूबाई.

"घोडा गेला, आई."

त्यांनी माळ खाली ठेवली. "मग? आंघोळ करायची का?"