निळा ड्रम

आज दुपारी शेवटचा टेम्पो गेला. पुण्यात उंड्रीतलं भाड्याचं घर चार वर्षांनी सोडलं. लिफ्ट बंद म्हणून पॅकर्सवाल्यांनी मजल्यामागे जास्तीचे पैसे घेतले, आणि सहाव्या मजल्यावरनं फ्रिज पाठीवर बांधून उतरवणाऱ्या त्या पोराकडे बघून ते पैसे द्यायला मला जरासुद्धा जड गेलं नाही.

लिफ्टच्या दारावर "काम चालू आहे" असा कागद आहे, त्यावरची तारीख पेनने तीनदा खोडून पुढची लिहिलीये आणि सेलोटेप पिवळी पडलीये. याच लिफ्टपायी आई एकोणीस दिवस घरातच अडकली होती, गुडघ्यांमुळे तिला जिने होत नाहीत. बाल्कनीत खुर्ची टाकून खाली भाजीवाल्याची गाडी बघत बसायची बिचारी. मुलगी म्हणून ते बघवत नव्हतं, घर सोडायचं मी तेव्हाच ठरवलं.

पाण्याचं तर विचारूच नका. उंड्री 2017 ला महापालिकेत आली पण आमच्याकडे सगळा खेळ टँकरवरच, दहा हजार लिटरचा टँकर आला की सगळ्या बिल्डिंगची धावपळ, नळ सुटला की आधी बादल्या मग ड्रम मग पातेली. पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाशी पांढरा खडूसारखा थर बसायचा, दर रविवारी लिंबू चोळून काढायचा आणि बुधवारी परत तसाच.

पण खरं सांगू का, पाणी नाही, लिफ्ट नाही हे एकवेळ माणूस सहन करतो. विचारलं की कोणी नीट उत्तरच देत नाही ना, त्याने जीव थकतो. सेक्रेटरींना फोन केला की "तुम्ही भाडेकरू, ओनरला बोलायला सांगा", ओनरला केला की "सोसायटीशी बोला ना". म्हणजे बोलायचं कोणाशी? आम्ही राहतो म्हणून ओनरकडून नॉन ऑक्युपन्सी चार्जेस घेतात, सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्के, आणि तेही ओनर आमच्याकडूनच वसूल करायचे. तरी सोसायटीच्या ग्रुपवर भाडेकरूंना घेत नाहीत, टँकर येणार नाही हे आम्हाला वॉचमनकाकांकडून कळायचं.

दरवर्षी 30 सप्टेंबरच्या आत सोसायटीने एजीएम, म्हणजे वार्षिक सभा घ्यायची असते, हिशोब मेंबर लोकांपुढे ठेवायचे असतात. गेली दोन वर्षं मीटिंगच झाली नाही असं समोरच्या काकूंनी सांगितलं. काकांनी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, पुढे काही नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार घेऊन जायचं म्हणतायत पण सोबत सही करायला कोणी तयार नाही, शेजाऱ्याशी वाकडं कोण घेणार. काकांच्या पीएफचे पैसे त्या फ्लॅटमध्ये गेलेत. आम्ही महिन्याची नोटीस दिली आणि मोकळे झालो, ते कुठे जाणार? विकायला काढावा तर बघायला येणारा माणूस लिफ्टवरचा तो कागद वाचूनच परत फिरतो.

सकाळपासून मला हेच टोचतंय. धनकवडीत नवीन घर मिळालं, पहिला मजला आहे, आई खूश आहे, आणि तरी त्या दोघांना मागे टाकून निघतोय असं वाटत राहिलं.

निघताना काकूंनी कैरीच्या लोणच्याची बरणी हातात ठेवली. मग जरा थांबून, दाराला हात लावून म्हणाल्या, "अगं, तो तुझा निळा ड्रम नेणारेस का?"

दोनशे लिटरचा ड्रम. टेम्पोत चढवून झाला होता, तो खाली उतरवून घेतला. पोरांनी कुरकुर न करता परत सहा मजले वर आणून दिला. काकूंच्या बाथरूममध्ये वॉशिंग मशीनशेजारी बरोब्बर बसला. तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला, म्हणून नळाला पाइप लावला आणि ड्रम काठोकाठ भरेपर्यंत मी तिथेच थांबले.